वीस लिटरच्या जारमध्ये इंधनाचं शेवाळ

गणपती उठले की आमच्या नेरुळमधल्या ओळखीपाळखीतून एखादा तरी फोन येतोच. "काका, कॉलेजच्या प्रोजेक्टला शेवाळापासून डिझेल करायचंय. किती दिवस लागतील?" पूर्वी मी "बघू" म्हणून वेळ मारून न्यायचो. आता सरळ विचारतो, "डिझेल हवंय की मार्क?" मार्क हवे असतील तर तीन आठवडे पुरतात. एक लिटर डिझेल हवं असेल तर जवळजवळ एक टँकर पाणी लागेल. हा टँकर कुठून आला ते पुढे सांगतो, पण तो डोक्यात ठेवूनच कामाला लागा. शेवाळ वाढवणं हा यातला सोपा भाग आहे. घोडं अडतं ते पाण्यापाशी.

फोनवर जे तुकड्यातुकड्यात सांगायचो ते इथे एकत्र लिहिलंय. साहित्य सगळं ठाण्या-नवी मुंबईत पायी फिरून मिळेल असं आहे.

कधी आणि कुठे

ऑक्टोबरची तल्खी ओसरल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत आपल्याकडे हवा या कामाला छान असते. बहुतेक गोड्या पाण्यातलं शेवाळ २५ ते ३० अंशांना खूश असतं. पावसाळ्यात ऊन नसतं आणि एप्रिल-मेमध्ये ते नको इतकं असतं. माझा पहिला जार मी एप्रिलमध्ये पश्चिमेच्या गॅलरीत ठेवला होता. चौथ्या दिवशी दुपारी हात लावला तर जार अंघोळीच्या पाण्यासारखा गरम. संध्याकाळपर्यंत हिरव्याचं खाकी झालं आणि दुसऱ्या दिवशी वास सुटला. तेव्हा पूर्वेची गॅलरी बघा, नाहीतर खिडकीच्या आत जिथे भरपूर उजेड येतो पण दुपारचं ऊन थेट पडत नाही अशी जागा. फक्त पश्चिमच असेल तर ग्रिलला हिरवी जाळी नाहीतर जुनी पांढरी ओढणी बांधा.

विरजण

प्रयोगशाळेत याला इनॉक्युलम म्हणतात, मी विरजणच म्हणतो. काम तेच आहे: थोडंसं जिवंत घेऊन पुष्कळावर टाकायचं.

सगळं शेवाळ तेलाचं नसतं, आणि नवखे सर्वात जास्त फसतात ते इथेच. ऑनलाइन सहज मिळते ती स्पिरुलिना. वाढवायला सोपी, गाळायला त्याहून सोपी. पण तिच्यात निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात, तेल अगदीच थोडं. ती खाण्याच्या कामाची. तुम्हाला हवी क्लोरेला किंवा सिनेडेस्मस. या जातींत सुक्या वजनाच्या साधारण २० ते ३० टक्के तेल भरतं. हे सुक्या वजनाचं बरं का. ओल्या लगद्याचं नव्हे.

विरजण मिळवायचा उत्तम मार्ग म्हणजे जवळच्या कॉलेजचा वनस्पतिशास्त्र किंवा बायोटेक्नॉलॉजी विभाग. एखाद्या मॅडमना विनंती केली तर १००-२०० मिलिलिटर देतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथून शुद्ध जाती मिळतात, पण अर्ज कॉलेजच्या लेटरहेडवर करावा. मासे पैदा करणारे लोक पिलांसाठी "हिरवं पाणी" ठेवतात. तेही चालतं, फक्त त्यात नेमकी कोणती जात आहे ते कळत नाही.

उपवन किंवा तलावपाळीवरून बाटली भरून आणायचा मोह होईल. ठाणं तलावांचं शहर, शेवाळाला काय तोटा. पण तलावाच्या पाण्यात शेवाळाबरोबर शेवाळ खाणारेही येतात. शिवाय उभ्या साचलेल्या पाण्यावरचा हिरवा तवंग कधीकधी मायक्रोसिस्टिससारख्या विषारी जातीचा असतो. तो घरात नको.

२०० मिलिलिटर विरजण एकदम जारमध्ये ओतू नका. आधी दोन लिटरच्या बाटलीत आठवडाभर वाढवा, गडद झालं की मग जार. पातळ शेवाळावर जास्त उजेड पडला तर ते फिकटून मरतं, म्हणून जारमध्ये घातल्यावर पहिले तीन दिवस पडदा ओढून ठेवा.

पाणी आणि खत

पिण्याच्या पाण्याचा रिकामा २० लिटरचा जार घ्या. ब्लीचने धुवा, भरपूर विसळा, उन्हात वाळवा. त्यात १५ लिटर पाणी घ्या, वर जागा सोडा. आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं आणि त्याला क्लोरिनचा वास असतो. तो जाईपर्यंत, म्हणजे एक दिवसभर, पाणी उघड्या बादलीत ठेवा. क्लोरिन जंतूंना मारतं तसं शेवाळालाही मारतं.

खत नर्सरीतून आणा आणि मोजायला दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा घ्या, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. अंदाजपंचे काम करू नका. १५ लिटरला माझं प्रमाण असं आहे: युरिया १.२ ग्रॅम, डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) ०.४ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट १ ग्रॅम, लोह असलेल्या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पुडीतली ०.१ ग्रॅम आणि खायचा सोडा ५ ग्रॅम. प्रत्येक गोष्ट वेगळ्या पेल्यात विरघळवून मग जारमध्ये ओता, सुकी पूड एकत्र करू नका.

युरिया १.२ ग्रॅमच का, हे प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. युरियात ४६ टक्के नत्र असतं, डीएपीत १८. दोन्हींचं मिळून लिटरमागे साधारण ४० मिलिग्रॅम नत्र होतं. शेवाळाच्या सुक्या वजनात नत्र ७-८ टक्के धरलं तर एवढ्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम शेवाळ वाढेल आणि नत्र संपेल. ते संपायलाच हवं, कारण तेल त्यानंतर भरतं.

जास्त घातलं तर? एकदा मी उत्साहाच्या भरात चमचाभर डीएपी टाकलं होतं. शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पाणी अल्कधर्मी होतं, दुपारी पीएच ९ च्या वर जातो. अशा पाण्यात डीएपीतल्या अमोनियमचा अमोनिया होतो, आणि तो शेवाळाला जाळतो. दोन दिवसांत जार पांढुरका.

हवा आणि डास

फिशटँकच्या दुकानात ३ वॅटचा एअर पंप, नळी आणि एअर स्टोन मिळतो. स्टोन तळाशी जाऊ द्या. बुडबुड्यांची दोन कामं: शेवाळ ढवळत ठेवणं, म्हणजे आतल्या पेशींनाही आळीपाळीने उजेड मिळतो, आणि कार्बन पुरवणं. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के. एक किलो सुकं शेवाळ तयार व्हायला सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो, तो एवढ्याशा हवेतून मिळवायचा म्हणजे चिमटीने पोतं भरण्यासारखं आहे. वर सोडा घातला तो या हातभाराला. कारखान्याच्या धुरांड्यातला वायू शेवाळाच्या तळ्यात सोडायचे प्रयोग होतात ते यामुळेच.

जारच्या तोंडावर बारीक जाळीचं कापड रबरबँडने घट्ट बसवा. ही अट आहे, सूचना नाही. साचलेलं स्वच्छ पाणी आणि उघडं तोंड म्हणजे डेंग्यूच्या डासाला आमंत्रण. पंप बंद पडला आणि चार दिवस लक्ष गेलं नाही तर अळ्या वळवळताना दिसतील. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधीच जार दाखवून ठेवा, म्हणजे पुढचं बोलणं टळतं.

रोज सकाळी दोन मिनिटं

जारमागे वर्तमानपत्र धरा. पहिल्या दिवशी बारीक अक्षरही वाचता येतं. चार-पाच दिवसांनी फक्त मथळा दिसतो, आठव्या-दहाव्या दिवशी तोही नाही. आकडा हवा असेल तर प्लास्टिकच्या फूटपट्टीच्या टोकाला पांढरं बटण चिकटवा आणि वरून पाण्यात सोडा, किती सेंटिमीटरवर बटण दिसेनासं होतं ते लिहा. तळ्याची पारदर्शकता मोजायची सेक्की तबकडी म्हणतात, तिचीच ही धाकटी बहीण. माझ्याकडे चांगला जार ४-५ सेंटिमीटरवर बटण गिळतो.

वास ताज्या कापलेल्या गवतासारखा यायला हवा. सडक्या अंड्याचा आला तर तळाशी शेवाळ कुजतंय, पंप बघा. आणि काल गडद हिरवं असलेलं पाणी आज अचानक नितळ होऊन तळाशी तपकिरी गाळ दिसला, तर तुमचं शेवाळ कोणीतरी खाल्लं आहे. रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव शिरले की दोन दिवसांत जार फस्त करतात. यावर घरगुती इलाज शोधत बसू नका. जार ओता, ब्लीचने धुवा, राखून ठेवलेल्या विरजणापासून पुन्हा सुरू करा. उघड्या तळ्यात शेवाळाची शेती करणाऱ्यांना हीच कीड रडवते, फरक इतकाच की त्यांचा जार एकरभराचा असतो.

उपाशी ठेवणं

साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी रंग बदलायला लागतो. गडद हिरव्याचा पोपटी, पोपटीचा पिवळसर. नवखे घाबरून युरिया टाकतात. टाकू नका. नत्र संपलं म्हणजे शेवाळाला प्रथिनं करता येत नाहीत, नव्या पेशी होत नाहीत, पण ऊन तर मिळतंच आहे. मग ते मिळालेला कार्बन तेलाच्या रूपात साठवतं, दुष्काळाची चाहूल लागलेल्या घरात कणगी भरून ठेवतात तसं. अजून चार दिवस असंच ठेवा.

यातच या धंद्याची मूळ गोची आहे. खाऊ घातलं तर शेवाळ वाढतं पण तेल धरत नाही. उपाशी ठेवलं तर तेल धरतं पण वाढत नाही. "७० टक्के तेलाचं शेवाळ" अशी बातमी वाचलीत की विचारा, रोज किती ग्रॅम वाढत होतं?

काढणी

क्लोरेलाची पेशी काही मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), मलमलीतून दुधासारखी निघून जाते. चहाच्या गाळणीचं तर नावच नको. तेव्हा आजीचा उपाय करा: तुरटी. गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो तीच गोष्ट. आधी एका पेल्यात करून बघा, मग जार. लिटरमागे ०.२ ग्रॅम, म्हणजे जारला ३ ग्रॅम तुरटीची पूड थोड्या पाण्यात विरघळवून ओता, लांब दांड्याच्या चमच्याने मिनिटभर जोरात आणि मग पाच मिनिटं अगदी हळू ढवळा. हळू ढवळताना बघत राहा. सारख्या हिरव्या पाण्यात आधी रवाळपणा येतो, मग साबुदाण्याएवढे पुंजके होतात आणि ते बर्फासारखे सावकाश खाली बसायला लागतात. एवढ्या खटाटोपात मला सर्वात आवडणारी दहा मिनिटं हीच. तासाभरात वर पिवळसर नितळ पाणी, तळाला दोन बोटं हिरवा साका.

वरचं पाणी नळीने काढून कुंड्यांना घाला. साका आता कॉफीच्या फिल्टर पेपरवर थांबतो. फिल्टर आधी कोरडा तोलून ठेवायला विसरू नका. स्टीलच्या ताटलीत घेऊन दोन दिवस उन्हात वाळवा, कावळ्यांपासून सांभाळा, पुन्हा तोला. यात तुरटीचंही वजन येतं, लिटरमागे सुमारे ०.०३ ग्रॅम, ते वजा करा. ७ ते ८ ग्रॅम भरलं तर उत्तम. हे शेवाळ खायचं नाही आणि माशांनाही घालायचं नाही.

आता हिशेब

साडेसात ग्रॅम शेवाळ. २० टक्के तेल धरलं तर दीड ग्रॅम, म्हणजे पाव चमचा. त्यातली ऊर्जा सुमारे ५५ किलोज्युल. तुमचा ३ वॅटचा पंप दोन आठवडे रात्रंदिवस चालला, त्याने एक युनिट वीज घेतली, म्हणजे ३,६०० किलोज्युल. घातलं त्याच्या पासष्टाव्या हिश्शाएवढंही हातात आलं नाही. प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर हे लिहायला मुलं लाजतात. लाजू नका, परीक्षकाला तेच ऐकायचं असतं.

आता टँकर. एक लिटर बायोडिझेलचं वजन साधारण ८८० ग्रॅम. त्यासाठी ४.४ किलो सुकं शेवाळ हवं. लिटरमागे अर्धा ग्रॅम या दराने ते ८,८०० लिटर पाण्यात पसरलेलं असतं. सोसायटीत येतो तो मोठा टँकर १०,००० लिटरचा. म्हणजे एका लिटर तेलासाठी आख्खा टँकर ढवळायचा, निवळायचा, गाळायचा.

गाळूनही सुटका नाही. चांगल्या यंत्राने पिळलेल्या लगद्यातही एक किलो शेवाळामागे चार किलो पाणी राहतं. ते वाफ करून उडवायला अडीच युनिटांएवढी उष्णता लागते. त्या किलोभर शेवाळात असलेल्या २०० ग्रॅम तेलातून मिळतात दोन युनिटं. नवी मुंबईचं ऊन फुकट आहे हे खरं, पण ताटल्या पसरायला जागा फुकट नाही.

शेवाळाला मग एवढा भाव का? जमिनीमुळे. २००७ साली एका गाजलेल्या शोधनिबंधात ३० टक्के तेलाच्या शेवाळाचं तेल हेक्टरी वर्षाला ५८,७०० लिटर मांडलं होतं, पामतेलाचं ५,९५०. तळ्यात रोज चौरस मीटरला २० ग्रॅम वाढ आणि २० टक्के तेल असा बेताचा हिशेब केला तरी सुमारे १६ हजार लिटर होतात, पामच्या अडीचपटीहून जास्त, आणि तेही सुपीक जमीन न अडवता. एरंडाच्या चुलतभावाने, म्हणजे जट्रोफाने, आपल्याकडे माळरानावर डिझेल पिकवायचं स्वप्न दाखवलं होतं. केंद्र सरकारच्या २००९ च्या जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के जैवइंधन मिसळायचं उद्दिष्ट होतं. २०१८ च्या धोरणात डिझेलसाठी ते २०३० पर्यंत ५ टक्क्यांवर आलं आणि कच्च्या मालाच्या यादीत शेवाळालाही जागा मिळाली. अमेरिकेने १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षं या कामाला सरकारी पैसा दिला आणि मग थांबवला. एक्सॉनमोबिलने २००९ मध्ये ६० कोटी डॉलरपर्यंत खर्च करायची घोषणा केली, २०२३ मध्ये हात काढून घेतला. शेवाळ सगळ्यांकडे वाढलं. पाण्याने सगळ्यांना बुडवलं.

तरी होतच नाही असं नाही. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने २०१२ मध्ये शेवाळाचं २० टक्के बायोडिझेल मिसळून गाडी चालवून दाखवली. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१३ मध्ये वाळवण्याची भानगडच टाळली: ओला लगदा सुमारे ३५० अंशांना प्रचंड दाबाखाली शिजवून तासाभरात कच्चं तेल काढलं. माझी पैज लावायची झाली तर मी या ओल्या वाटेवर लावेन.

तेल काढणं: इथे घर संपतं

सुक्या शेवाळाची पेशीभित्ती फोडायची, हेक्झेन या द्रावकात तेल उतरवायचं, हेक्झेन उडवायचं, मग तेलाला मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा लावायचा. खाली ग्लिसरीन, वर बायोडिझेल. वाचायला चार ओळी, पण हेक्झेनची वाफ ठिणगीने पेटते आणि मिथेनॉलने माणूस आंधळा होतो, दगावतोही. स्वयंपाकघरात हे करायचं नाही. अगदी थोडंसुद्धा नाही. पूड डबीत भरून कॉलेजच्या प्रयोगशाळेत न्या, धुराड्याखाली (फ्यूम हूडमध्ये) सरांसमोर करा. दीड ग्रॅम तेलात हात बसणार नाही, म्हणून ही क्रिया आधी वड्याच्या जळक्या तेलावर शिकून घ्या. आपल्याकडे खरं बायोडिझेल बनतं त्यात वापरलेल्या खाद्यतेलाचा वाटा मोठा आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत ऊर्जा-जैवविज्ञानाचं केंद्र आहे, पुढे शिकायचं असेल तर तिथली माहिती काढा.

घरी ज्वाळाच बघायची असेल तर शेवाळ वाळवूच नका. सोसायटीत ओल्या कचऱ्याचा बायोगॅस असेल तर तुरटी न घालता, दोन दिवस अंधारात निवळून काढलेला साका त्यात टाका. गॅस करणाऱ्या जिवाणूंना पाण्याचं वावडं नाही, उलट तेच हवं. फक्त शेवाळात नत्र जास्त, नुसत्या शेवाळाने टाकीत अमोनिया साचतो. भात-पोळीच्या उरलेल्या कचऱ्यात थोडं थोडं मिसळा.

डिसेंबरनंतर जमलं तर टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीकडे चक्कर मारा. ठाणे खाडीत येणारे फ्लेमिंगो चिखलातून असंच सूक्ष्म शेवाळ चोचीने गाळत असतात. पंप नाही, तुरटी नाही, फिल्टर नाही. गाळणीचं एवढं स्वस्त यंत्र मी अजून कुठल्या प्रयोगशाळेत पाहिलेलं नाही.

आणि हो, तुरटी घालायच्या आधी एक लिटर हिरवं पाणी बाजूला काढायला विसरू नका. ते पुढच्या खेपेचं विरजण. बाटली फ्रिजमध्ये काही आठवडे टिकते, मधूनमधून हलवा आणि उजेड दाखवा. बाटलीवर ठळक अक्षरांत "शेवाळ, पिऊ नका" अशी चिठ्ठी चिकटवा. आमच्याकडे मेहुण्यांनी पुदिन्याचं सरबत समजून झाकण उघडलं होतं.